गव्हर्नर बदलला, तरी वेग जागचा हलेना: लिनक्समध्ये प्रोसेसरची फ्रीक्वेन्सी लावताना या चुका टाळा

मे महिन्यातली दुपार. खिडकीत कूलर घरघरतोय आणि दारात शेजारचा इंजिनीअरिंगचा मुलगा लॅपटॉप छातीशी धरून उभा. "ताई, परफॉर्मन्सवर टाकला मी याले, तरी आणखीच स्लो होऊन राहिला न. काहून?"

नागपुरातल्या एका छोट्या ऑफिसची वीसेक मशीन्स सांभाळणं हे माझं पोटापाण्याचं काम. सगळी लिनक्सवर. होळी आटोपली की असे प्रश्न दारात यायला लागतात, आणि विचारणाऱ्याने गव्हर्नर आधीच बदललेला असतो. कुठल्या तरी जुन्या लेखातली ओळ उचलून टर्मिनलमध्ये चिकटवलेली असते. मशीनचा वेग नेमका कोण ठरवतंय, हे मात्र कोणी पाहिलेलं नसतं.

म्हणून आधी ही उतरंड समजून घ्या. तुम्ही गव्हर्नर निवडता. वेग कधी वाढवायचा आणि कधी उतरवायचा, याचं धोरण गव्हर्नरकडे असतं. त्याचं म्हणणं प्रोसेसरपर्यंत नेतो तो ड्रायव्हर. त्याच्याखाली बायोस (मशीन सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम) आणि प्रोसेसरच्या आतलं फर्मवेअर, म्हणजे चिपमध्येच भरलेलं सॉफ्टवेअर बसलेलं असतं, आणि सगळ्यात शेवटी उष्णता आणि वीजपुरवठा. वरच्याने काहीही मागितलं तरी खालच्याला ते कापता येतं. तुम्ही सिस्टीममधल्या फाइलीत जे लिहिता तो तहसीलदाराकडे दिलेला अर्ज असतो; मंजूर होईलच असं नाही.

फाइलींची आणि आज्ञांची नावं मी इथे बोलते तशी लिहिली आहेत. टर्मिनलवर ती नेहमीच्या इंग्रजी स्पेलिंगने टाइप करायची, फाइलींच्या नावात शब्दांच्या मधे अंडरस्कोर घालून. या फाइली सिस फोल्डरात, डिव्हायसेस, सिस्टम, सीपीयू या वाटेने सापडतात. प्रत्येक कोअरच्या, म्हणजे प्रोसेसरमधल्या प्रत्येक गणकाच्या, फोल्डरात 'सीपीयूफ्रीक' नावाचं एक घर असतं.

ड्रायव्हर न पाहता गव्हर्नरला हात घालणं

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक हीच, म्हणून इथे जरा थांबते.

'स्केलिंग ड्रायव्हर' ही फाइल आधी वाचा. तिच्यात एकच शब्द असतो आणि पुढचं सगळं त्या शब्दावर ठरतं. गेल्या दहाएक वर्षांतल्या इंटेल मशीनवर तो बहुधा 'इंटेल पीस्टेट' असतो, नव्या एएमडीवर 'एएमडी पीस्टेट', आणि जुन्या मशीनवर 'एसीपीआय सीपीयूफ्रीक'. यांतला शेवटचा सर्वांत सरळ: बायोसने दिलेल्या वेगांच्या यादीतून गव्हर्नर एक निवडतो आणि ड्रायव्हर तो लावतो. कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, २.६.९ या आवृत्तीत, २००४ साली, भार पाहून वेग बदलणारा 'ऑनडिमांड' गव्हर्नर आला तो याच जमान्यातला. इंटरनेटवरचा अर्धा सल्ला अजून त्याच काळात राहतो.

इंटेल पीस्टेट आला २०१३ मध्ये, कर्नल ३.९ बरोबर. सक्रिय (ॲक्टिव्ह) पद्धतीत चालताना हा ड्रायव्हर बाहेरचा गव्हर्नर घेतच नाही, स्वतःचेच दोन देतो: परफॉर्मन्स आणि पॉवरसेव्ह. मग माणूस ऑनडिमांड लिहायला जातो, 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट' असा फटका बसतो, आणि कर्नलच बिघडलं असं वाटून तो अख्खी सिस्टीम पुन्हा टाकतो. असे दोघे जण मी स्वतः पाहिले आहेत. 'स्केलिंग अव्हेलेबल गव्हर्नर्स' ही फाइल उघडली असती तर पाच सेकंदांत कळलं असतं.

यातला खरा घोळ नावाचा आहे. जुन्या ड्रायव्हरखाली पॉवरसेव्ह म्हणजे कासव: सगळ्यात कमी वेग धरायचा आणि सोडायचा नाही. इंटेल पीस्टेटच्या पॉवरसेव्हचा त्याच्याशी नावापुरताच संबंध. तो कामाचा भार पाहून वेग वरखाली करतो, गरज पडली तर थेट टर्बोपर्यंत, म्हणजे नेहमीच्या कमालीच्याही वरच्या तात्पुरत्या वेगापर्यंत नेतो. वागण्याने तो ऑनडिमांडच्या, किंवा २०१६ मध्ये कर्नल ४.७ बरोबर आलेल्या 'शेडयुटिल'च्या जवळ जातो. लोक मात्र पॉवरसेव्ह हे नाव पाहूनच दचकतात आणि परफॉर्मन्सवर उडी मारतात. शेजारच्या मुलानेही तेच केलं होतं. त्याचं मशीन पॉवरसेव्हवर व्यवस्थित चालत होतं.

आणखी एक थर आहे. २०१५ च्या स्कायलेक पिढीपासून इंटेलच्या प्रोसेसरांत वेग ठरवायचं काम हार्डवेअरच स्वतःकडे घेतं. कर्नल फक्त कल सांगतो. तो कल 'एनर्जी परफॉर्मन्स प्रेफरन्स' या फाइलीत असतो. परफॉर्मन्स, बॅलन्स परफॉर्मन्स, बॅलन्स पॉवर, पॉवर असे शब्द तिथे चालतात. बॅटरी जास्त चालावी असं वाटत असेल तर गव्हर्नर पॉवरसेव्हवर राहू द्या आणि या फाइलीत 'बॅलन्स पॉवर' लिहा. पण गव्हर्नर आधीच परफॉर्मन्सवर असेल तर ही फाइल दुसरा शब्द घेत नाही, 'डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी' म्हणते. हा बिघाड समजू नका. परफॉर्मन्स गव्हर्नरने तो कल आपल्या टोकाला बांधून ठेवलेला असतो. आधी गव्हर्नर सोडवा, मग कल बदला.

शेडयुटिल किंवा ऑनडिमांडच हवा असेल तर 'इंटेल पीस्टेट' फोल्डरातल्या 'स्टेटस' फाइलीत 'पॅसिव्ह' लिहा. मशीन पुन्हा सुरू करायची गरज नाही. ड्रायव्हरचं नाव बदलून 'इंटेल सीपीयूफ्रीक' दिसायला लागेल आणि नेहमीची गव्हर्नर मंडळी हजर होतील. हार्डवेअर वेग ठरवत नाही अशा जुन्या इंटेल प्रोसेसरांवर कर्नल ५.८ पासून पॅसिव्ह हीच मूळ पद्धत आहे, त्यामुळे दोन मशीन्सवर सारखंच कर्नल असूनही वेगवेगळी यादी दिसली तर गोंधळू नका.

एएमडीवाल्यांचं थोडक्यात. एएमडी पीस्टेट कर्नल ५.१७ मध्ये, २०२२ साली आला. सक्रिय पद्धत ६.३ मध्ये. तो लागत नसेल तर डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदी दाखवणारी आज्ञा) सीपीपीसी, म्हणजे या ड्रायव्हरला लागणारी हार्डवेअरची सोय, सापडत नसल्याची ओळ आहे का ते बघा. असेल तर उत्तर बायोसच्या मेनूत आहे, कर्नलमध्ये नाही.

क्षणभराचा आकडा खरा मानणं

३० मे २०२४ रोजी नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रावर ५६ अंश झळकले. देशभर बोंब झाली. नंतर हवामान खात्याने सांगितलं की सेन्सरमध्ये दोष होता. शहराचा नोंदलेला उच्चांक ४७.९ अंशांचा आहे, २३ मे २०१३ चा, आणि तोही काही कमी नाही. पण त्या दिवशी ५६ वर विश्वास ठेवणाऱ्यांची संख्या मोठी होती, कारण आकडा पडद्यावर दिसत होता.

प्रॉक फोल्डरातल्या सीपीयूइन्फोमधला मेगाहर्ट्झचा आकडा पाहून निर्णय घेणारे याच रांगेतले. तिथे सेन्सर खराब नसतो, चूक पाहण्याच्या पद्धतीत असते. प्रोसेसर सेकंदात शेकडो वेळा वेग बदलू शकतो, आणि मोकळा असला की कोअर झोपी जातो. झोपलेल्या कोअरचा वेग किती, या प्रश्नाला अर्थच नाही. त्यात दर सेकंदाला ती फाइल वाचणारी 'वॉच' आज्ञा किंवा डेस्कटॉपवरचं विजेट स्वतःच कोअरला जागं करतं. झोपलंय का ते पाहायला पाळण्यातल्या पोराला हलवायचं, त्यातला हा प्रकार.

'टर्बोस्टॅट' ही मोजणारी आज्ञा वापरा. रूटचे, म्हणजे मशीनच्या मालकाचे अधिकार लागतात. त्यात तीन रकाने एकत्र वाचायचे: सरासरी मेगाहर्ट्झ, व्यस्त टक्के, आणि व्यस्त असतानाचे मेगाहर्ट्झ. पहिला म्हणजे उरलेल्या दोघांचा गुणाकार. कोअर दहा टक्के वेळच जागा असेल आणि जागेपणी ३००० मेगाहर्ट्झने पळत असेल, तर सरासरी ३०० दिसते. हे ३०० पाहून "प्रोसेसर अडकला" अशी हाकाटी करणारे बरेच भेटतात. त्याच तक्त्यात कोअरचं तापमान आणि पॅकेजची वॅटेज पण असते. ते दोन रकाने नागपुरात एप्रिल-मेमध्ये वेगाच्या रकान्याइतकेच महत्त्वाचे.

मशीनवर काम टाकून मगच मोजायचं, हे सांगायला नको. तरी सांगते, कारण रिकाम्या मशीनचे स्क्रीनशॉट मला दर आठवड्याला येतात.

टर्मिनलवरच्या किरकोळ वाटणाऱ्या चुका

सुडो (रूटचे अधिकार देणारी आज्ञा) लावून इको केलं, म्हणजे मजकूर छापला, आणि बाणाने फाइलीकडे वळवलं, तर 'परमिशन डिनाइड' येणारच. सुडो इकोला मिळतो. फाइल उघडणारं तुमचं साधं शेल, म्हणजे आज्ञा वाचणारा प्रोग्रॅम असतो. इकोचा निकाल पाइपने 'सुडो टी'ला द्या.

कमाल वेगाची मर्यादा ठरवणाऱ्या स्केलिंग मॅक्स फ्रीक या फाइलीत आकडा किलोहर्ट्झमध्ये लागतो. २.४ गिगाहर्ट्झसाठी २४००००० लिहायचं. घाईत २४०० लिहिलं तर कर्नल ओरडत नाही, मुकाट्याने जमेल तेवढी खालची मर्यादा लावतो, आणि मशीन सर्वांत कमी वेगाला जखडून बसतं. शून्यं मोजायचा कंटाळा असेल तर 'सीपीयूपॉवर' ही आज्ञा वापरा. त्याला एककासकट आकडा देता येतो आणि वेगळं काही सांगितलं नाही तर तो सगळ्या कोअरना लागू होतो. नुसता आकडा दिला तर तोही किलोहर्ट्झच समजतो, तेवढं लक्षात असू द्या. उबुंटूत हे साधन कर्नलच्या आवृत्तीशी जुळणाऱ्या लिनक्स टूल्स पॅकेजात येतं. कर्नल अपडेट झाला आणि सीपीयूपॉवर रुसला, तर आधी तेच पॅकेज तपासा.

हाताने लिहिणारे लोक सीपीयू शून्यला लिहितात आणि थांबतात. बाकीचे कोअर आपल्या जुन्या मर्यादेवरच राहतात. कोणते कोअर एकाच दोरीला बांधले आहेत ते 'रिलेटेड सीपीयूज' या फाइलीत दिसतं. २०२१ च्या अल्डर लेक पिढीपासून बऱ्याच इंटेल प्रोसेसरांत मोठे आणि लहान अशा दोन जातींचे कोअर असतात आणि त्यांची कमाल वेगवेगळी असते, तेव्हा सगळ्यांना एकच आकडा चिकटवण्याआधी प्रत्येकाची 'सीपीयूइन्फो मॅक्स फ्रीक' वाचा.

आणि नेमका अमुकच वेग पकडून ठेवायचा सीपीयूपॉवरचा पर्याय फक्त 'युझरस्पेस' गव्हर्नरबरोबर चालतो. इंटेल पीस्टेटच्या सक्रिय पद्धतीत तो गव्हर्नर नाहीच. तिथे वरची आणि खालची मर्यादा जवळ आणणं एवढंच हातात असतं.

टर्बोची उलटी कळ आणि नागपूरचा उन्हाळा

टर्बो बंद करायच्या दोन जागा आहेत आणि दोन्हींचा अर्थ एकमेकांच्या उलट. इंटेल पीस्टेटच्या फोल्डरात 'नो टर्बो' नावाची फाइल आहे. तिथे १ म्हणजे टर्बो बंद. एसीपीआय ड्रायव्हरसाठी सीपीयूफ्रीकच्या वरच्या फोल्डरात 'बूस्ट' फाइल आहे. तिथे १ म्हणजे टर्बो चालू. एका मशीनवरची स्क्रिप्ट दुसऱ्यावर उचलून टाकली की अशी उलटापालट होते. मी स्वतः एका मार्चमध्ये ऑफिसच्या चार मशीन्सवर टर्बो "बंद" केला होता आणि पंखे आणखी जोरात का फिरताहेत म्हणून दोन दिवस धूळ झटकत बसले होते.

एसीपीआय ड्रायव्हरच्या यादीत कधी कधी २४००००० आणि २४०१००० असे चिकटून बसलेले दोन आकडे दिसतात. तो एक मेगाहर्ट्झ छपाईची चूक नव्हे, ती टर्बोची खूण. कमाल मर्यादा २४००००० वर आणली की टर्बो गेला.

आता मूळ दुखणं. प्रोसेसर जेवढी वीज खातो ती वेगाच्या आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. वेग वाढवायचा तर वरच्या टोकाला व्होल्टेजही वाढवावं लागतं, म्हणून शेवटचे चार-पाचशे मेगाहर्ट्झ सगळ्यात महाग पडतात. ती सगळी वीज उष्णता होऊन बाहेर यायची असते. बाहेर कुठे? खोलीच्या हवेत.

लॅपटॉपच्या माहितीपत्रकात वापरायचं तापमान बहुधा ३५ अंशांपर्यंत लिहिलेलं असतं. इथे मेमध्ये दुपारी कूलर बंद पडला की खोली त्याच्या वर जाते. हिशेब साधा आहे. प्रोसेसरची सहनशक्ती १०० अंश धरली, तर २५ अंशांच्या खोलीत हीटसिंकला (प्रोसेसरची उष्णता हवेत सोडणारा धातूचा भाग) ७५ अंशांचा उतार मिळतो. ४५ अंशांच्या खोलीत ५५ चाच. उष्णता वाहून नेण्याची ताकद साधारण त्या उताराच्या प्रमाणात, म्हणजे पंखा तोच, हीटसिंक तोच, आणि क्षमता पाव भागाहून जास्त घटलेली. अशा वेळी परफॉर्मन्स गव्हर्नर लावणं म्हणजे चढावर पहिल्याच वळणाला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबण्यासारखं. प्रोसेसर काही सेकंद टर्बोने पळतो, १०० ला टेकतो, फर्मवेअर त्याला धाडकन खाली आणतं, थोडा निवतो, पुन्हा उसळतो. हे वरखाली सतत चालू राहिलं की वापरणाऱ्याला ते हँग झाल्यासारखं वाटतं. शेजारच्या मुलाचा लॅपटॉप नेमका हेच करत होता.

खात्री करायला प्रत्येक कोअरच्या फोल्डरात 'थर्मल थ्रॉटल' नावाचं घर आहे. त्यातल्या 'कोअर थ्रॉटल काउंट'मध्ये किती वेळा ब्रेक लागला याची मोजणी असते. काम सुरू करण्याआधी आणि नंतर हा आकडा बघा. वाढत असेल तर गव्हर्नरबद्दल बोलणं तिथेच थांबवा. डीमेसेजमध्येही तापमान मर्यादेवर गेल्याच्या आणि क्लॉक कमी केल्याच्या ओळी सापडतात.

उन्हाळ्यात मी ऑफिसच्या सगळ्या लॅपटॉपवर टर्बो बंद करते किंवा कमाल वेगाला टोपी घालते. व्हिडिओ एक्सपोर्टसारखं लांबलचक काम जवळपास तेवढ्याच वेळात होतं, कारण टर्बोचा फायदा तापलेलं मशीन तसाही घालवूनच बसलेलं असतं. पंखा ओरडत नाही आणि हात भाजत नाहीत, हा वरचा नफा. ब्राउझर उघडण्यासारख्या क्षणभराच्या कामात मात्र टर्बो गेल्याचं जाणवतं. तो सौदा ज्याचा त्याने ठरवावा.

काही जण उलट टोकाला जातात आणि वेग अगदी तळाला बांधतात, बॅटरी वाचेल म्हणून. काम पटकन संपवून कोअरने गाढ झोपणं, हे रखडत जागं राहण्यापेक्षा पुष्कळदा स्वस्त पडतं. स्क्रीन आणि वायफाय तोवर वीज खातच असतात.

कूलरबद्दल एक शब्द. कोरड्या उन्हात वाळ्याच्या ताट्यांचा कूलर खोली चांगली उतरवतो, पण लॅपटॉप त्याच्या थेट झोतात ठेवू नका. ओलसर हवा आणि आपल्या बोअरच्या पाण्याचे क्षार, दोन्ही व्हेंटमधल्या धुळीला चिकटून पापडी धरतात. आणि जूनमध्ये हवा दमट झाली की कूलर निकामी होतो, फक्त चिकचिक वाढवतो. पाऊस लागायच्या आधीचे ते पंधरा दिवस मशीनसाठी नवतप्याइतकेच, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांइतकेच वाईट.

थंड मशीन, तरी चारशे किंवा आठशे मेगाहर्ट्झवर अडकलेलं

हा वेगळा आजार आहे आणि त्याला लोक गव्हर्नरचाच आजार समजतात. तापमान ५० च्या खाली, भार पूर्ण, थ्रॉटलची मोजणी जागची हलत नाही, तरी वेग ४०० किंवा ८०० च्या वर जात नाही. अशा वेळी पहिला प्रश्न चार्जरचा. बऱ्याच लॅपटॉपमध्ये चार्जर स्वतःची ओळख पटवतो. ओळख पटली नाही, किंवा चार्जर कमी वॅटचा असला, की मशीनचं फर्मवेअर प्रोसेसरला "तापलास, थांब" असा खोटा इशारा देतं. त्याला प्रॉकहॉट म्हणतात. प्रोसेसर बिचारा तो खराच मानतो.

चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा, मग मूळ चार्जरवर. फरक पडला तर उत्तर मिळालं. मशीन पूर्ण बंद करून, बॅटरी निघत असेल तर काढून, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरल्यावरही कधी कधी अडकलेला इशारा सुटतो. एसीपीआय ड्रायव्हर असेल तर 'बायोस लिमिट' फाइल वाचा. बायोसने वरची मर्यादा कापली असेल तर ती तिथे दिसते.

रजिस्टरमध्ये हात घालून प्रॉकहॉट बंद करायची युक्ती इंटरनेटवर फिरते. चालते ती. पण मेमध्ये, इथे, खरा इशारा आणि खोटा इशारा यांतला फरक तुम्ही कसा ओळखणार? मी ती कोणाला करून देत नाही.

एका घरात दोन कारभारी

आपण लिहिलेली मर्यादा चार्जर लावताच बदलते, किंवा झोपेतून उठल्यावर नाहीशी होते, अशी तक्रार असेल तर मागे कोणी तरी दुसरा कारभारी आहे. टीएलपी, पॉवर प्रोफाइल्स डीमन, ट्यून्ड, ऑटो सीपीयूफ्रीक ही पडद्यामागे वीज आणि वेग सांभाळणारी साधनं: यांतला कुठलाही एक ठेवा. टीएलपी आणि पॉवर प्रोफाइल्स डीमन एकाच वेळी चालू ठेवले तर दोघं एकमेकांचं लिहिलेलं पुसत राहतात. फेडोरा ४१ पासून पॉवर प्रोफाइल्स डीमनची जागा ट्यून्डने घेतली आहे, त्यामुळे जुन्या लेखातलं नाव शोधून ते सापडलं नाही म्हणजे कारभारी नाहीच, असं समजू नका. सिस्टमसीटीएलला चालू सेवांची यादी विचारा.

कारभारी नको असेल तर रिबूटनंतर टिकण्याची सोय स्वतः करावी लागते. सिस फोल्डरातल्या फाइली डिस्कवर नसतात, मेमरीत असतात. मशीन बंद झालं की तुमचं लिहिलेलं गेलं. सिस्टमडीची एक छोटी सेवा किंवा टेम्पफाइल्सची एक ओळ पुरते. आरसी लोकलमध्ये लिहायची सवय आता सोडलेली बरी. बऱ्याच डिस्ट्रोंवर (उबुंटू, फेडोरासारख्या लिनक्सच्या जाती) ती फाइल सुरुवातीपासून नसते.

स्वतः कर्नल बांधणाऱ्यांसाठी

मेनूकॉन्फिगमध्ये 'पॉवर मॅनेजमेंट अँड एसीपीआय ऑप्शन्स'खाली 'सीपीयू फ्रीक्वेन्सी स्केलिंग' आहे. तिथे मूळ गव्हर्नर म्हणून युझरस्पेस निवडू नका. वेग सांगणारा प्रोग्रॅम नसेल तर मशीन सुरुवातीच्या वेगावरच बसून राहतं, आणि तुम्ही दोष ड्रायव्हरला देता. शेडयुटिल ठेवा. मूळ गव्हर्नर बदलण्यासाठी पुन्हा कर्नल बांधायचीही गरज नाही, ५.९ पासून 'सीपीयूफ्रीक डॉट डिफॉल्ट गव्हर्नर' हा बूटचा पॅरामीटर आहे.

इंटेल पीस्टेट कर्नलच्या आतच बांधावा लागतो, मॉड्यूल म्हणून येत नाही. एसीपीआयवाला मॉड्यूल होऊ शकतो, आणि तो लोडच झाला नाही तर सीपीयूपॉवर सांगतो की ड्रायव्हर सापडत नाही. कॉलेजच्या लॅबमधल्या पेंटियम ४ वर कोणी 'पी४ क्लॉकमॉड' चालू केला असेल तर काढून टाका. तो व्होल्टेज कमी करत नाही, नुसते ठोके गाळतो. मशीन हळू होतं आणि वीज वाचत नाही.

सगळं बरोबर करूनही फरक नसेल तर 'युनेम'ला आवृत्ती विचारा. ग्रबने, म्हणजे मशीन सुरू होताना कर्नल निवडणाऱ्या प्रोग्रॅमने, जुनंच कर्नल उचललेलं असतं. हसू नका, होतं.

व्हर्च्युअल मशीनच्या आत हे सगळं शोधत असाल तर सोडून द्या. वेग यजमान मशीन ठरवतं. पाहुण्याला बहुधा सीपीयूफ्रीकचं फोल्डरच दिसत नाही.

शेजारच्या लॅपटॉपचं पुढे काय झालं

मागचं झाकण उघडलं तर व्हेंटच्या तोंडाशी धुळीचा नमदा बसलेला होता, अख्खा एकसंध, चिमट्याने धरून गादीच्या कापसासारखा ओढून काढला. गव्हर्नर परत पॉवरसेव्हवर नेला, कमाल वेगाला २४००००० ची टोपी घातली, आणि ती टिकावी म्हणून सिस्टमडीची छोटी सेवा लिहून दिली. थ्रॉटलची मोजणी थांबली. मुलगा खूश, त्याच्या आईने संध्याकाळी सांबारवडी पाठवली. बाहेरचे वाचत असतील तर, आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर.

नोव्हेंबरात तो पुन्हा दारात. बाहेर छान थंडी, अंगात स्वेटर. "ताई, लॅपटॉप पुन्हा स्लो झाला न. मित्राचा याच मॉडेलचा आहे, त्याचा पळून राहिला."

ड्रायव्हर पाहिला, गव्हर्नर पाहिला, तापमान पाहिलं: ५२. चार्जर मूळचाच. मोजणी शून्य. दहा मिनिटं डोकं खाजवल्यावर स्केलिंग मॅक्स फ्रीक उघडली. मेमध्ये मी घातलेली टोपी तशीच होती.